सान अन्सेल्मोच्या वळणावरची बस

मित्रांनो, मी ला पाझ शहरातली एक जुनी बस आहे. माझे नाक लांब आहे, रंग निळा होता आणि स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते. एखादी बस संशयी का व्हावी, असे तुम्हाला वाटेल. माझी हकीकत ऐकलीत की मग वाटणार नाही.

माझा सांगाडा समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात तयार झाला. जहाजातून मी बंदरावर उतरले आणि तिथून उघड्या सांगाड्यानेच डोंगर चढून वर आले. माझे छप्पर, बाके आणि दारे ला पाझच्या लोहारांनी बसवली. पहिल्या कार्निव्हलला माझ्या मालकाने, सेवेरो चोकेने, माझ्या नाकाला रंगीत कागदांच्या माळा बांधल्या आणि चाकांवर बिअर शिंपडली. "ही माझी थोरली लेक," असे तो सगळ्यांना सांगत होता. त्या दिवशी मला कोणाचाच संशय आला नाही. मी नवी होते.

आमचे शहर एखाद्या खोल वाडग्यासारखे आहे. वाडग्याच्या काठावर वारा, थंडी आणि स्वस्त घरे. तळाशी ऊब, झाडे आणि फाटकवाले बंगले. इथे माणूस जितका खाली उतरतो तितके भाडे वर चढते. मी दिवसभर काठावरून तळाशी आणि तळाकडून काठावर जात असे. त्यामुळे कोणत्या वस्तीत घर कसे मिळते आणि तिथून कामावर पोहोचायला काय हाल होतात, हे माझ्या बाकांवर रोज चर्चिले जाई. काठावरच्या लोकांना खोल्या मिळत, पण झोप मिळत नसे, कारण पहाटेच रांगेत उभे राहावे लागे. सोपोकाचीत राहणारे चालत कामावर जात आणि एका खोलीत चौघे झोपत. ओब्राहेसमध्ये हवा चांगली, पण घरमालक वाईट, असे दोन बहिणी माझ्या मागच्या बाकावर नेहमी म्हणत. प्रत्येकाला दुसऱ्याची वस्ती बरी वाटे आणि प्रत्येकाला वाटे, दुसरा आपल्यापासून काहीतरी लपवतो आहे.

मग एक दिवस आकाशात तारा ताणल्या गेल्या. त्यांवरून काचेचे पाळणे सरकू लागले. ना खड्डा, ना धूर, ना गर्दी. माझ्या खिडकीतली मुले मान वर करून त्या पाळण्यांना हात दाखवू लागली. जिथे पाळण्याचे स्टेशन झाले तिथली घरे महाग झाली आणि तिथले माझे प्रवासी कमी झाले. सेवेरोने माझ्या फाटलेल्या बाकांना ठिगळ लावणे सोडले. छप्पर गळू लागले. पण त्याच सुमाराला तो परक्या माणसांसमोर माझी स्तुती करू लागला.

"इंजिन अजून नव्यासारखं आहे बघा," तो म्हणे.

घरच्या माणसाची स्तुती कोणी परक्यासमोर उगाच करत नाही. माझा पहिला संशय तिथला.

माझ्या रस्त्यावर सान अन्सेल्मो नावाची एक वस्ती होती, उतारावर चिकटलेली. तिथल्या वळणावर माझे मागचे डावे चाक जरा खाली जाई. पालिकेची माणसे येऊन खडी टाकून जात आणि काही महिन्यांनी चाक पुन्हा खाली जाई. तिथल्या लोकांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. खड्ड्यावर तक्रार न करणारी वस्ती मी दुसरी पाहिली नव्हती. हा माझा दुसरा संशय.

आणि मग निकासिया तार्की आली.

ती घेरदार घागरे शिवणारी बाई होती. मिराफ्लोरेसच्या बाजारात तिचे छोटे दुकान होते. ती सकाळी माझ्यात चढे, पुढच्या बाकावर बसे, शेवटच्या थांब्यापर्यंत जाई आणि न उतरता परत येई. असे तिने बरेचदा केले. दाराशी बसून भाडे घेणारी सेवेरोची बहीण बेनिता तिच्याकडे टक लावून पाहू लागली.

"ही बाई परवाही आली होती," सेवेरो तिला हळूच म्हणाला. "उतरत नाही, काही नाही. पालिकेची असणार. जुन्या गाड्या मोडीत काढायला निघालेत."

"पालिकेची माणसं पैसे देऊन बसतात का कधी? चोर असेल."

"चोर पुढच्या बाकावर बसतो होय?"

"हुशार असला तर बसतो," बेनिता म्हणाली.

शेवटी तिनेच विचारले. "बाई, तुम्हाला जायचंय तरी कुठं?"

"तेच बघतेय," निकासिया म्हणाली. "घर घ्यायचंय. घर दाखवणारे सगळे सांगतात, गाडीनं पटकन होतं. म्हटलं, आपण बसूनच बघू."

ती ओब्राहेसमध्ये आमच्याकडच्या रीतीने राहत होती. म्हणजे मोठी रक्कम एकदम घरमालकिणीकडे ठेवायची, भाडे न देता राहायचे आणि निघताना रक्कम परत घ्यायची. आता मालकिणीला घर रिकामे हवे होते. परत मिळणाऱ्या त्या पैशात आयुष्यात एकदाच घर होणार होते. चूक करायला दुसरी संधी नव्हती. तरीही माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. ती माझ्या गळक्या छपराकडे फार बारकाईने बघत असे.

तिला सान अन्सेल्मोचे घर दाखवणारा माणूस होता ओविदिओ लारेआ. चिखलाच्या वस्तीत हिंडूनही याचे बूट चकचकीत असत. एका संध्याकाळी तो सेवेरोच्या शेजारी येऊन बसला.

"मास्तर, उद्या एका बाईला घेऊन येतो. जरा सुसाट चालवा. मधे मधे थांबत बसू नका."

"आणि थांब्यावरचे लोक?"

"येतील मागच्या गाडीनं. तुमच्यासाठी सान अन्सेल्मोच्या कोपऱ्यावरचं घर मी धरून ठेवलंय, विसरू नका. एकदा का पाळण्याचं स्टेशन झालं की तिथं भाव काय होईल, तुम्हीच बघा. ही गाडी देऊन टाका भंगारात आणि दुकान थाटून बसा."

सेवेरोने माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवला होता, तो काढून घेतला.

सान अन्सेल्मोच्या कोपऱ्यावर भिंतीवर आणि रस्त्यावर लाल फुल्या आणि आकडे काढलेले होते. सरकारी मोजणी झाली, इथे स्टेशन होणार, असे सगळी वस्ती म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सेवेरोने मला असे पळवले की माझ्या काचा खडखडू लागल्या. थांब्यांवर लोक हात करत होते. एक म्हातारी बटाट्यांचे गाठोडे घेऊन पुढे आली आणि मी तिच्या समोरून निघून गेले. मित्रांनो, मी लोकांना घेण्यासाठी बनवलेली होते. मला फार वाईट वाटले.

"बघितलंत?" ओविदिओ म्हणाला. "डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आलो."

निकासिया त्याच्याशी बोललीच नाही. ती सेवेरोला म्हणाली, "मास्तर, ती म्हातारी हात करत होती."

"दिसली नाही हो."

"एवढा इलिमानी डोंगर दिसतो इथून, आणि म्हातारी दिसली नाही?"

सेवेरोने मला वळणावर उभे केले.

घर सेफेरिना नावाच्या विधवेचे होते. ती टोपलीत पाव घेऊन विकत असे. घराची एकच भिंत नव्याने हिरवी रंगवलेली होती, बाकीच्या तशाच. मी वळणावर उभी राहून बघत होते. निकासियाने त्या भिंतीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

"हीच भिंत का रंगवली?" तिने विचारले.

"रंग तेवढाच होता," सेफेरिना म्हणाली.

"आणि पावसात इथं कसं असतं?"

"पावसात तर इथली हवा काय सांगू!" ओविदिओ मध्येच बोलला. "लोक मुद्दाम येतात."

"तुम्ही स्वतः कुठं राहता?"

"मी? मी जरा खाली. कालाकोतोत. आईची तब्येत असते, वर चढवत नाही तिला."

निकासियाने विचार करून सांगते म्हटले आणि ती निघाली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली, शाळा सुटायच्या वेळेला. मी प्रत्येक थांब्यावर थांबत होते, मुले दारात लोंबकळत होती आणि सान अन्सेल्मो काही केल्या येत नव्हते. निकासिया खिडकीबाहेर बघत हसली. मग तिची नजर खाली गेली. तिच्या बाकाजवळ माझ्या फरशीवर वाळलेल्या लाल रंगाचे एक गोल कडे होते.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरल्यावर तिने विचारले, "हे लाल कशाचं?"

"कोणीतरी रंगाचा डबा ठेवला होता," बेनिता म्हणाली. "नारिंगी जाकीट घातलेला होता एक. मी ओरडले त्याला."

"उतरला कुठं?"

"सान अन्सेल्मोलाच. ओविदिओ होते की बरोबर. मेव्हणा, मेव्हणा करत होते त्याला."

हे बोलून होताच बेनिताने स्वतःच तोंडावर हात ठेवला. सेवेरोने माझे इंजिन बंद केले.

"मोजणीचा सरकारी माणूस," निकासिया सावकाश म्हणाली, "आपल्या मेव्हण्याबरोबर बसनं येतो का, मास्तर?"

"येत असेल."

"एकटा?" बेनिता म्हणाली. "सरकारी असते तर पाच जण आले असते. एकानं रंगवलं असतं, चौघांनी बघितलं असतं. दादा, तू काय दिलंयस त्या माणसाला?"

"शब्द दिलाय. पैसे अजून नाही दिले. गाडी विकली की देणार होतो."

"आणि समजा स्टेशन झालंच असतं," निकासियाने विचारले, "तर तुमच्या गाडीत कोण बसलं असतं?"

"गाडी राहणारच नव्हती ना," सेवेरो म्हणाला.

मित्रांनो, ज्याचा संशय असतो ते खरे ठरले की समाधान वाटते, असे लोक म्हणतात. मला तसे काही वाटले नाही.

मग निकासियाने आपली गोष्ट सांगितली. ती लहान असताना तिच्या आईवडिलांनी अशाच उतारावर घर घेतले होते. तेव्हाही एक भिंत ताजी रंगवलेली होती. एका पावसात ते घर उतारावरून खाली गेले. माणसे वाचली, पण वडील पुन्हा कोणत्याही घरात निवांत झोपले नाहीत. "म्हणून मी हात लावून बघते," ती म्हणाली. "त्या हिरव्या रंगाखाली तडा आहे. माझं बोट आत गेलं असतं एवढा."

ती गप्प राहून दुसरीकडे घर शोधू शकली असती. बेनिताने तिला तसे सांगितलेही. पण ती सान अन्सेल्मोत गेली आणि पावाच्या रांगेत सगळ्यांसमोर बोलली. जमीन सरकते आहे आणि लाल फुल्या खोट्या आहेत.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग सेफेरिना म्हणाली, "कितीला घ्यायचंय तुला?"

"मला घ्यायचंच नाही."

"कळतं गं आम्हाला. भाव पाडायला आलीस. आधी भीती घालायची, मग निम्म्या किमतीत लाटायचं. कोणी पाठवलं तुला?"

त्या दिवसापासून सान अन्सेल्मोची माणसे माझ्यात चढली की निकासियाच्या शेजारची जागा सोडून उभी राहत. सेवेरोशीही कोणी बोलेना. ही बस त्या बाईला सामील आहे, असे ते म्हणत. इतके दिवस मी लोकांवर संशय घेतला होता. आता लोक माझ्यावर घेत होते.

आमच्या शहरात भिंतीला तडा गेला की त्यावर प्लास्टरचा पातळ पट्टा लावतात. जमीन हलली तर पट्टा तडकतो. त्याला 'साक्षीदार' म्हणतात. हे इथल्या प्रत्येकाला माहीत असते, फक्त आपल्या स्वतःच्या भिंतीला तो लावायला कोणी धजत नाही. निकासियाने प्लास्टर आणले. सेवेरोने भर दुपारी मला वळणावर उभे केले, बाहीने घाम पुसत रस्त्यावरच्या भेगेवर एक पट्टा ओढला आणि दुसरा सेफेरिनाच्या घराच्या पायरीवर. दुसऱ्या गाड्यांचे चालक भोंगे वाजवून हसत गेले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," निकासिया जमलेल्यांना म्हणाली. "याच्याकडे येता-जाता बघा, एवढंच."

पायरीवरचा पट्टा आठवड्याभरात तडकला. ओविदिओ म्हणाला, हिनेच हातोड्याने फोडला. लोकांना ते पटले. तेव्हा सेवेरोने नवा पट्टा लावला आणि सेफेरिना खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसली. मांडीवर पावाची टोपली, नजर पट्ट्यावर.

"येऊ दे कोणाला फोडायला," ती म्हणाली. "हात धरते की नाही बघा."

ती दिवसचे दिवस तिथे बसली. येणारे-जाणारे तिच्याकडून पाव घेत आणि विचारत, कोणी आले का? कोणी येत नव्हते. पाऊस मात्र येऊन-जाऊन होता. एका सकाळी मी वळणावर आले तर ती खुर्चीतून अर्धवट उठून वाकली होती. तिच्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्या पट्ट्यातून केसासारखी एक रेघ गेली. जवळपास कोणीही नव्हते. ती रेघ हळूहळू रुंद झाली.

सेफेरिना ओरडली नाही. ती माझ्या दाराशी आली आणि सेवेरोला म्हणाली, "मास्तर, पुढं जाऊ नका. आमचं सामान न्यायचंय."

त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सेवेरोने माझ्यातली मागची बाके काढून टाकली आणि आम्ही सान अन्सेल्मो खाली आणले. गाद्या, चुली, शिवणयंत्रे, कोंबड्या, एका आजोबांचा ढोल. वळणावर माझे चाक खाली जाई तेव्हा सगळे श्वास रोखून धरत. निकासिया दारात उभी राहून म्हाताऱ्यांना हात देत होती आणि ज्यांनी तिच्या शेजारी बसायला नकार दिला होता ते तिचा हात धरून चढत होते. ओविदिओ कुठेच दिसला नाही. त्यानंतर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला घरे दाखवतो, असे मी ऐकले.

वस्तीचा खालचा भाग त्याच आठवड्यात दिवसाढवळ्या घसरला. हिरवी भिंत सगळ्यात आधी गेली. आत कोणी नव्हते.

निकासियाने शेवटी काठावर, खडकाळ जमिनीवर दोन खोल्या घेतल्या. तिथून बाजाराला जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि वारा खिडकीतून शीळ घालतो. जवळच भाड्याच्या खोलीत सेफेरिना राहायला आली. तिने निकासियाचे आभार मानल्याचे मी कधी ऐकले नाही. एकदा मात्र दोघी माझ्यात शेजारी बसल्या होत्या.

"तू भिंतीला हात लावला नसतास तर मी घर विकून मोकळी झाले असते," सेफेरिना म्हणाली.

"आणि त्या घरात मी असते."

"हो," सेफेरिना म्हणाली. तिने टोपलीवरचे फडके बाजूला केले आणि अजून गरम असलेला एक पाव निकासियाच्या हातात ठेवला.

सेवेरोने मला त्या वर्षी विकले नाही. त्याने छप्पर नीट केले, बाके पुन्हा बसवली आणि हात करणाऱ्या एकाही माणसाला रस्त्यावर सोडले नाही. पण तो थकला आणि मीही थकले. आता मी शेवटच्या थांब्याजवळच्या मोकळ्या जागेत उभी आहे. माझे टायर बसले आहेत आणि निळ्या रंगाचे पोपडे निघतात. काल एक माणूस मला बघून गेला. खाण्याची टपरी करीन म्हणाला, कापणार नाही म्हणाला. त्याने माझ्या नाकाचे फार कौतुक केले. मला त्याचा भरवसा वाटत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, शहरात घर शोधाल. कोणी सांगेल, इथून सगळे जवळ आहे. तेव्हा गर्दीच्या वेळी त्या रस्त्याने एकदा स्वतः जाऊन या. ताज्या रंगाच्या भिंतीला हात लावून बघा. आणि जे कळेल ते शेजाऱ्याला सांगा, तो तुमच्यावर चिडला तरी सांगा. संशय पोटात ठेवला तर त्याने एकाचेच घर वाचते. एवढे करून वेळ उरला, तर तुम्हाला रोज शाळेत नेणाऱ्या जुन्या गाडीच्या छपराला गळती लागली आहे का, तेही जरा मान वर करून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही. पाणी आत आले की आम्ही फक्त उभ्या राहतो आणि कोणाचे लक्ष जाते का, याची वाट बघतो.